पहारेकऱ्याचं तोंड कुणीकडे? (कांत, मानस आणि आपली रेसिडेन्सी)

रेसिडेन्सीकाठी

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

भाची बिश्केकला डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्या इंदूरची इतकी पोरं तिकडे आहेत की सराफ्यात दहा जणांना विचारलं तर दोघांच्या घरचं कुणीतरी किर्गिझस्तानात नाहीतर जॉर्जियात निघतं. परवा रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलत होतो. एकदम वरून अशी घरघर झाली की तिचं बोलणंच बुडालं. मी दचकलो, ती मात्र खिडकीकडे न बघता सफरचंद कापत राहिली. "काही नाही मामा, कांतची विमानं. रोजचंच आहे."

कांत हे बिश्केकच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवरचं गाव. २००३ पासून तिथे रशियाचा हवाई तळ आहे. भाची ज्या मानस विमानतळावर उतरली, तिथे २००१ ते २०१४ अमेरिकेचा तळ होता. अफगाणिस्तानच्या लढाईतल्या विमानांना हवेत इंधन पाजणारी विमानं तिथून उडायची. म्हणजे जवळपास ११ वर्षं एकाच राजधानीच्या एका अंगाला अमेरिकेची छावणी आणि दुसऱ्या अंगाला रशियाची. १९९१ मध्ये सोव्हिएत साम्राज्य फुटलं, १५ देश झाले, त्यातला हा एक. स्वतःचा झेंडा, स्वतःचं नाणं, संयुक्त राष्ट्रांत खुर्ची, सगळं आहे. आणि वर घरघर दुसऱ्याची.

मला आजी आठवली. एम. वाय. हॉस्पिटलला जायचं म्हटलं की ती "रेशीडंसीच्या हद्दीत जाऊन येते" म्हणायची. रेसिडेन्सी म्हणजे संस्थानावर नजर ठेवणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचा, रेसिडेंटचा, मुक्काम आणि त्याभोवतीचा इलाका. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन तीस वर्षं उलटली तरी तिच्या डोक्यातली हद्द काही पुसली नव्हती. छावणीची धान्यमंडी आजही छावनीच आहे आपल्यासाठी, कुणाची छावणी ते कुणी विचारत नाही.

तर मुद्दा. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेपुढे होळकर हरले. पंधरवडा-तीन आठवड्यांत, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला. दुसरे मल्हारराव तेव्हा मिसरूडही न फुटलेलं पोर, कारभार तात्या जोगांच्या हाती. राजपुतान्यातल्या खंडण्या गेल्या, सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला. त्याहून मोठं कलम हे की संस्थानात शांतता राखायला आणि बाहेरच्या शत्रूपासून वाचवायला कंपनीची फौज मुलखात राहील. ती किती असावी ते कंपनी ठरवील. आणि कंपनीला विचारल्याशिवाय होळकरांनी दुसऱ्या कुठल्या दरबाराशी पत्रव्यवहार करायचा नाही. त्याच साली महूला छावणी पडली, इथून अवघ्या वीस-बावीस किलोमीटरवर. कलमातले शब्द बघा, 'आतली शांतता' आधी आणि 'बाहेरचा शत्रू' नंतर.

आता हे कलम घेऊन मध्य आशियात जाऊ. १५ मे १९९२ ला ताश्कंदला रशिया आणि काही नव्या देशांनी सामूहिक सुरक्षेचा करार केला. २००२ मध्ये त्याची संघटना झाली. कलम ४ सांगतं, एकावर हल्ला तो सगळ्यांवर हल्ला. कागद झकास आहे. वागणूक बघा.

जानेवारी २०२२. कझाकस्तानात गाड्यांच्या गॅसचा दर एकदम दुप्पट झाला. झानाओझेन या तेलाच्या गावात लोक रस्त्यावर आले आणि तीन-चार दिवसांत आल्माटी पेटलं. राष्ट्राध्यक्ष तोकायेव्ह यांनी ५ तारखेला मदत मागितली, ६ तारखेला रशियाच्या पुढाकाराने अडीच हजारांच्या आसपास फौज विमानांतून उतरलीसुद्धा. कलम ४ मध्ये बसावं म्हणून आंदोलकांना 'परदेशात तयार झालेले अतिरेकी' म्हटलं गेलं. सरकारी आकड्यानुसारच सव्वादोनशेहून जास्त माणसं त्या दिवसांत मेली.

सप्टेंबर २०२२. अझरबैजानने आर्मेनियावर हल्ला केला. वादग्रस्त काराबाखवर नव्हे, थेट आर्मेनियाच्या मान्य हद्दीत, जेरमुकपर्यंत तोफा. दोन दिवसांत आर्मेनियाचे दोनशेच्या वर सैनिक गेले. आर्मेनियाने तेच कलम ४ पुढे केलं. आलं काय, तर पाहणी करणारं पथक. गंमत म्हणजे जानेवारीत कझाकस्तानला फौज पाठवण्याचा निर्णय ज्यांनी जगाला जाहीर केला, ते त्या वेळचे फिरते अध्यक्ष आर्मेनियाचेच पंतप्रधान पाशिन्यान होते! दुसऱ्याच्या घरी पहारा पाठवण्याच्या कागदावर ज्याची सही, आठ महिन्यांनी त्याच्याच दारावर चोर, आणि पहारेकरी वही घेऊन पंचनाम्याला.

म्हणून मी म्हणतो, नव्या देशात परकी फौज आहे की नाही हा प्रश्नच अर्धा आहे. पहारेकरी कुणीकडे तोंड करून उभा आहे ते बघा. रस्त्याकडे तोंड असेल तर तो घराचं रक्षण करतोय. घराकडे असेल तर तो मालकाला घरच्यांपासून वाचवतोय, किंवा मालकावरच नजर ठेवून आहे.

ठोका आता.

जिरावन_ज्यादा

रुमाल टाकून ठेवतो. पोहे खाऊन येतो, मग वाचतो.

महूकर

आमच्या तीन पिढ्या महूत गेल्या म्हणून लिहितो. घरघर ऐकून न दचकणाऱ्या मुलीचं वाचून हसू आलं. आम्ही लहानपणी फायरिंग रेंजच्या आवाजावर झोपायचो, सुट्टीत मामाकडे गेलो की शांततेनं झोप लागायची नाही.

लेख आवडला, पण तोंड एकाच दिशेला दाखवलंत हे पटलं नाही. १८१८ च्या आधीचा माळवा आठवा. पेंढाऱ्यांनी गावंच्या गावं ओसाड केली होती. रयतेला कंपनीची छावणी आली त्याचं दुःख कमी आणि बैल घरी राहिला याचं सुख जास्त झालं असणार. तसंच ताजिकिस्तान. १९९२ ते १९९७ तिथे यादवी झाली. सोव्हिएत काळातली २०१ वी डिव्हिजन तिथेच राहिली, अफगाण सीमेवरचा पहारा २००५ पर्यंत रशियन सीमारक्षकांकडे होता. ते नसते तर पलीकडून काय काय आलं असतं याचा विचार करा. त्यांचं तोंड रस्त्याकडेच होतं. आज त्या डिव्हिजनचा तळ हा रशियाचा देशाबाहेरचा सगळ्यात मोठा तळ आहे, करार २०४२ पर्यंतचा.

दुसरं, पहारेकरी उलटतो हेही लिहा की. १ जुलै १८५७ ला इंदूरच्या रेसिडेन्सीवर तोफा डागल्या त्या होळकरांच्याच फौजेने, सआदत खान पुढे होते. रेसिडेन्सीतले इंग्रज अधिकारी ड्युरँड साहेब सिहोरला पळाले. आणि त्याच रात्री महूची कंपनीची पलटण उठली. म्हणजे रेसिडेन्सीने राजावर ठेवलेला पहारा आणि राजाने रेसिडेन्सीला दिलेला पहारा, दोन्ही एका दिवसात फिरले.

पंतोजी

चर्चा चांगली, पण शब्दांची सरमिसळ होते आहे. तैनाती फौज, काँटिंजंट आणि छावणी या तीन वेगळ्या गोष्टी. तैनाती फौज कंपनीची, खर्च संस्थानाचा. काँटिंजंट म्हणजे संस्थानाच्या पैशाने उभी केलेली, पण हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. छावणी म्हणजे नुसता तळ. कांत हा तळ आहे. उगाच सगळ्याला तैनाती म्हणू नये.

शिवाय कझाकस्तानात आलेल्या फौजेने आंदोलकांवर गोळ्या झाडल्या असा समज होऊ नये. त्यांनी विमानतळ, वीजकेंद्रं वगैरे सांभाळली आणि १९ जानेवारीपर्यंत परत गेली. गोळीबार कझाक दलांचाच.

रेसिडेन्सीकाठी

पंतोजी, तैनाती हा शब्द मी एकदाही लिहिलेला नाही, पुन्हा वाचा :) पण फरक सांगितलात ते बरं झालं. आणि गोळीबाराचं मान्य. तरी एक बघा, परक्या फौजेने विमानतळ सांभाळला म्हणून घरची फौज रस्त्यावर मोकळी झाली. आणि खरा परिणाम त्याहून वेगळा होता. बाहेरची विमानं उतरताना टीव्हीवर दिसली आणि तिथल्या काठावर बसलेल्या अधिकाऱ्यांना, पोलिसांना कळलं की बाजी कुणाची. बंदूक न उडवता काम होतं ते असं.

महूकर, ताजिकिस्तान मान्य. १८५७ बद्दल तर काय बोलणार, त्यावर वेगळा धागा काढा.

लष्करचा_बाळ

ग्वाल्हेरहून हजेरी. काँटिंजंटचा विषय निघाला आणि आम्ही गप्प बसणार?

डिसेंबर १८४३ मध्ये महाराजपूर आणि पनिहार, एकाच दिवशी दोन लढाया. शिंद्यांची फौज हरली, ४४ च्या तहात तिची संख्या कमी केली आणि ग्वाल्हेर काँटिंजंट फुगवलं. पगार शिंद्यांच्या खजिन्यातून, अधिकारी इंग्रज. जयाजीराव तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. इंदूरला पोरगा राजा, ग्वाल्हेरला पोरगा राजा. साम्राज्यांना तह करायला लहान मुलं फार आवडतात. १८५७ ला तेच काँटिंजंट उठलं आणि जून १८५८ ला जयाजीरावांना आग्र्याला जावं लागलं.

नंतर किल्ला इंग्रजांनी स्वतःकडे ठेवून घेतला. आमच्या डोक्यावरचा किल्ला, खाली बाडा, राजवाडा, सगळं आमचं, आणि वरती गोरी पलटण. तो परत मिळाला १८८६ मध्ये, तोही झाशी देऊन. आमच्या आजोबांच्या तोंडी एक वाक्य असायचं, "वर बसलेला खाली बघतोच."

यावरून मला सेव्हास्तोपोल आठवतं. युक्रेन स्वतंत्र झाला, पण काळ्या समुद्रातलं रशियन आरमार क्रिमियातच राहिलं. १९९७ मध्ये भाडेकरार झाला, २०१७ पर्यंतचा. ते भाडं रोख येत नव्हतं, गॅसच्या थकबाकीतून वळतं व्हायचं. एप्रिल २०१० मध्ये यानुकोविच सरकारने मुदत २०४२ पर्यंत वाढवली, बदल्यात हजार घनमीटर गॅसमागे १०० डॉलरपर्यंत सूट. संसदेत मंजुरीच्या दिवशी धुराचे बाँब फुटले, अंडी उडाली, सभापतींना डोक्यावर काळ्या छत्र्या धरून कामकाज चालवावं लागलं. ते दृश्य मी विसरलो नाही. आणि २०१४ मध्ये क्रिमिया गेला, तेव्हा बाहेरून कुणाला यायची फारशी गरजच नव्हती. वर बसलेले होतेच.

जिरावन_ज्यादा

पोहे झाले. छत्र्यांचं खरं आहे का हो? म्हणजे सभापती छत्रीखाली?

लष्करचा_बाळ

अगदी खरं. दोन बाजूंना दोन माणसं छत्र्या धरून, मध्ये ते माईकवर आकडे वाचतायत.

व्याजबट्टा

तुम्ही सगळे बंदुका मोजताय. मी ३४ वर्षं बँकेत काढली, मला खातेवही दाखवा.

मानसचं उदाहरण धागाकर्त्याने घेतलं आणि त्यातला मलिदाच सोडला. अमेरिका वर्षाला १ कोटी ७४ लाख डॉलर भाडं देत होती. फेब्रुवारी २००९ मध्ये किर्गिझ राष्ट्राध्यक्ष बाकियेव्ह मॉस्कोला गेले, रशियाने दोन अब्ज डॉलरच्या वर कर्ज-मदतीचं आश्वासन दिलं, आणि तिथल्या तिथे बाकियेव्हनी जाहीर केलं की अमेरिकन तळ बंद. ३० कोटींचं कर्ज आणि १५ कोटींचं अनुदान हातात पडलं. मग जूनमध्ये हे गृहस्थ अमेरिकेशी पुन्हा बसले, तळाची पाटी बदलून 'वाहतूक केंद्र' केली आणि भाडं ६ कोटी डॉलर करून घेतलं. एकच जागा, दोन गिऱ्हाइकं, दोघांकडून बयाणा! आमच्या शाखेत अशा माणसाला आम्ही 'हुशार पार्टी' म्हणायचो आणि फाईल वेगळ्या कपाटात ठेवायचो.

पुढे काय झालं? १ एप्रिल २०१० ला रशियाने किर्गिझस्तानला जाणाऱ्या पेट्रोल-डिझेलवर निर्यातकर लावला. घरात आधीच विजेचे, हीटिंगचे दर वाढल्यानं लोक चिडलेले. ७ एप्रिलला सरकार पडलं, बाकियेव्ह पळाले, आज बेलारूसमध्ये आहेत. यात एकही रशियन सैनिक कांतच्या फाटकाबाहेर आला नाही. पंप बंद करायला सैनिक लागत नाही.

म्हणून म्हणतो, पहारेकऱ्याचं तोंड नंतर बघा, आधी बघा त्याचा पगार कोण देतं आणि घराचं रेशन कुठून येतं. किर्गिझ आणि ताजिक घरांमधले तरुण मॉस्कोला बांधकामावर, टॅक्सीवर, साफसफाईला. ते पाठवतात त्या पैशावर गावं चालतात. ताजिकिस्तानात एकेकाळी तो पैसा देशाच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून जास्त होता. उद्या मॉस्कोने परवाने रोखले तर ताजिक राजधानी दुशान्बेत काय होईल? सांगा, यापुढे तळ काय चीज आहे.

आणि इंदूरचंच बघा. खंडवा-इंदूर रेल्वेसाठी दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीवर. जमीनही दिली. धनको होळकर, ऋणको साम्राज्य, आणि तरी हुकूम ऋणकोचा! असं खातं मी नोकरीत एकदाही पाहिलं नाही.

रेसिडेन्सीकाठी

व्याजबट्टासाहेब, तुम्ही माझ्या धाग्याला सुरुंग लावलात. पगार आणि रेशन हा मुद्दा मला खरंच सुचला नव्हता, वरच्या मांडणीत तो हवाच होता.

पण बाकियेव्हच्या कथेला एक शेपूट आहे, आणि ते माझ्या बाजूचं आहे. ते पळाल्यावर जून २०१० मध्ये ओशला किर्गिझ आणि उझबेक यांच्यात भीषण दंगल झाली, शेकडो मेले. हंगामी सरकारच्या प्रमुख रोझा ओतुनबायेवा यांनी रशियाकडे फौज मागितली. उत्तर आलं, ही तुमची अंतर्गत बाब. साडेअकरा वर्षांनी आल्माटीत मात्र तीच अंतर्गत बाब बाहेरच्यांचा हल्ला ठरली. म्हणजे 'राज्यकर्त्याला वाचवतो' हेही सरसकट खरं नाही. कोणत्या राज्यकर्त्याला, तेही त्यांनीच ठरवायचं. मंदसौरच्या तहात फौजेचा आकडा कंपनीने ठरवायचा होता ना, तसंच.

बडोदेकर_मावशी

मी उशिरा आले, नातवाची परीक्षा होती.

राज्यकर्ता कोणता ते त्यांनी ठरवायचं, याचं आमच्याइतकं उघडं उदाहरण नाही. १८७४ मध्ये बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेयर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला. चौकशीला सहा जणांचं मंडळ, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. हिंदींत ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. इंग्रजांनी दोषी म्हटलं, हिंदी सदस्यांनी आरोप सिद्ध झाला असं मानलं नाही. तीन-तीन. मग सरकारने काय केलं? विषाचं बाजूला ठेवलं आणि एप्रिल १८७५ मध्ये 'कारभार वाईट' म्हणून त्यांना काढलं. मल्हाररावांचा कारभार वाईट होता हे खरंच आहे, मी त्यांची बाजू घेत नाही. त्यांच्या जागी कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक आला आणि तो सयाजीराव निघाला, हे आमचं नशीब. परक्यांनी निवडलेला राजा चांगलाही निघू शकतो, हे सगळ्यात अवघड जागेचं दुखणं आहे. तो चांगला निघाला की पद्धत चांगली होती असं वाटायला लागतं.

याच सयाजीरावांवर १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहाला नीट मुजरा न करता पाठ फिरवली म्हणून केवढं वादळ उठलं.

उलटतपासणी

काय एकतर्फी चाललंय! सगळे पहारेकरी रशियन आणि इंग्रज? १९३० च्या करारानंतर १९३२ मध्ये इराक 'स्वतंत्र' झाला, हब्बानिया आणि शैबाला ब्रिटिश हवाई तळ मात्र राहिलेच. १९४१ मध्ये मनासारखं सरकार नव्हतं म्हणून ब्रिटनने पुन्हा इराकात फौजा घातल्या. चागोसची बेटं मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी १९६५ मध्ये तोडून घेतली, रहिवाशांना हाकललं आणि दिएगो गार्सिया अमेरिकेला तळासाठी दिलं. फ्रान्सने आफ्रिकेत झेंडे खाली घेतले आणि नाणं व छावण्या ठेवल्या. २०२२ मध्ये मालीतून, २०२३ च्या शेवटी नायजरमधून त्यांना जावं लागलं. आणि मालीत त्यांच्या जागी कोण आलं? वॅग्नर या खासगी फौजेचे रशियन. भाडेकरू बदलला, घर तेच.

शिवाय जॉर्जिया. एप्रिल २००८ मध्ये नाटोने बुखारेस्टला 'तुम्ही एक दिवस सदस्य व्हाल' असं सांगितलं. कधी ते नाही, कसं ते नाही. ऑगस्टमध्ये पाच दिवसांत युद्ध झालं, अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया मिळून देशाचा पाचवा हिस्सा पुरता हातातून गेला. येणार म्हणून सांगून न येणारा पहारेकरी हा उलट्या तोंडाच्या पहारेकऱ्यापेक्षा जास्त घातकी, असं माझं मत.

पंतोजी

उलटतपासणींशी पहिल्यांदाच सहमत. तारीख नोंदवून ठेवतो.

महूकर

आपण स्वतःला फार सोवळे समजू नये म्हणून एक आठवण. शेवटची ब्रिटिश पलटण गेटवेवरून २८ फेब्रुवारी १९४८ ला गेली हे आपण शाळेत शिकतो. पण भूदलाचा पहिला भारतीय सरसेनापती, करिअप्पा, १५ जानेवारी १९४९ ला आला. हवाईदलाचा १९५४ मध्ये. आरमाराचा तर १९५८ च्या एप्रिलमध्ये, कटारी. स्वातंत्र्यानंतर जवळपास पावणेअकरा वर्षं आपल्या आरमाराचा प्रमुख इंग्रज होता. ४७ च्या काश्मीर लढाईत तर दोन्ही बाजूंच्या सैन्यांचे प्रमुख ब्रिटिश अधिकारी! वडील सांगायचे, मेसमध्ये भिंतीवरची राणी की राजा कधी उतरवायचा यावरही कुजबुज चालायची.

तरी आपलं आरमार सेव्हास्तोपोल झालं नाही. का? पगार आपल्या खजिन्यातून, जहाजं आपल्या नोंदीत, आणि त्या इंग्रज अधिकाऱ्याला नेमणारा-काढणारा दिल्लीत. व्याजबट्टांचाच मुद्दा झाला म्हणा.

अवांतर : आपणही दुसऱ्याच्या घरी पहारा द्यायचा प्रयत्न केलाय. ताजिकिस्तानात अयनी हवाई तळाची धावपट्टी भारताने जवळपास ७ कोटी डॉलर घालून नीट केली. आता तिथून आपण बाहेर आहोत. मॉस्कोला न विचारता दुशान्बेत फार काळ राहता येत नाही, हा धडा.

व्याजबट्टा

महूकर, +१. आणि एका खात्याचं सांगून मी थांबतो. लिथुएनियातून रशियन फौज ऑगस्ट १९९३ मध्ये गेली, लाटव्हिया-एस्टोनियातून ऑगस्ट १९९४ मध्ये. २००४ मध्ये तिघेही नाटोत. वाटलं ना, सुटले? पण त्यांच्या विजेचं जाळं सोव्हिएत काळातलंच होतं आणि त्याची वारंवारता मॉस्कोतून सांभाळली जायची. दिवाणखान्यातला दिवा युरोपचा, खटका मॉस्कोत. ती तार त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये तोडली. फौज काढायला तीन वर्षं लागली आणि तार काढायला तेहतीस.

खंडवारोडचा_बाप

नमस्कार. मी इथे फक्त वाचणारा आहे, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमची राजकारणाची चर्चा वाचली, पण माझा प्रश्न साधा आहे. मुलीला नीटमध्ये मार्क कमी पडले. खासगी कॉलेजची फी झेपणार नाही. एका एजंटकडे गेलो होतो, नाव लिहीत नाही. भिंतीवर बर्फाचे डोंगर, खाली हसणाऱ्या मुली. मी सुरक्षेचं विचारलं तर म्हणाला, "अंकलजी, चिंता ही मत करो, बगल में रशिया का बेस है, परिंदा पर नहीं मार सकता." मला तेव्हा धीर आला होता. आता हा धागा वाचून उलटंच वाटायला लागलंय. शुक्रवारी पैसे भरायची शेवटची तारीख आहे. पाठवू की नको?

रेसिडेन्सीकाठी

दादा, चुकलं काहीच नाही, उलट सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्हीच विचारलात.

पाठवू की नको ते मी सांगणार नाही. आधी कागद बघा. शिक्षण किमान ५४ महिन्यांचं आणि इंग्रजीतून हवं, इंटर्नशिप बारा महिन्यांची आणि त्याच देशात हवी, आणि ती पदवी घेऊन त्या देशात डॉक्टरकी करायचा परवाना मिळत असला पाहिजे. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे हे नियम आहेत. एजंटचं तोंडी ऐकू नका, कॉलेजकडून लेखी घ्या. परत आल्यावर इथली परीक्षाही आहेच. आणि हॉस्टेल कॉलेजच्या आवारात आहे की शहरात भाड्याच्या इमारतीत, ते नक्की विचारा.

तळाचं म्हणाल तर एक सांगतो. मे २०२४ मध्ये, १७-१८ तारखेच्या रात्री, बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर जमाव चालून गेला. आधीच्या एका मारामारीचा व्हिडिओ फिरला होता, त्यावरून भडका. आपल्या वकिलातीने मुलांना घरातच थांबायला सांगितलं. भाची तेव्हा पहिल्या वर्षाला होती. रात्रभर आम्ही फोन हातात धरून. ती कुजबुजत बोलायची, मोठ्यानं बोलली तर खाली ऐकू जाईल म्हणून. चौघी मुलींनी दिवे बंद केले, लोखंडी कपाट सरकवून दाराला लावलं आणि त्याला पाठ टेकून बसल्या. पोलीस आले ते किर्गिझ, उशिरा का होईना. कांत तिथून वीस किलोमीटर. विमानं होती, सैनिक होते, सगळं जागच्या जागी होतं.

खंडवारोडचा_बाप

कपाट.

बरं. हॉस्टेल कुठे आहे ते उद्या सकाळी जाऊन विचारतो. लेखी मागतो. शुक्रवारला अजून तीन दिवस आहेत.

बडोदेकर_मावशी

दादा, मुलीलाही बरोबर न्या उद्या. तिलाच विचारू द्या.